मोतीरामची मूठ

वाळूजच्या त्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या अकरा मशिनी आहेत आणि अकराही जणी वेगवेगळ्या आवाजात बोलतात. पहिली जुनाट खोकला झाल्यासारखी ढाक्‌ ढाक्‌ करते. चौथी आधी जांभईसारखा लांब श्वास घेते आणि मग जाडी बाई पाटावर बसावी तशी धप्पकन बसते. सातवी मात्र कबड्डी खेळते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... ड्डी. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... ड्डी. निदान मोतीरामला तरी तसंच ऐकू येतं.

कधीमधी सातवी अडते. तीन वेळा म्हणते आणि थांबते. चौथी ड्डी येतच नाही. तेव्हा मोतीरामची उजवी मूठ आपोआप वळते, एवढी घट्ट की हातमोज्यात बोटं पांढरी पडतात, आणि तो मशिनीकडे बघत उभा राहतो. ती सुरू होईपर्यंत त्याचा श्वासही सुरू होत नाही.

सातवी सोडून दुसरी कोणतीही मशीन द्या, असं त्यानं सुपरवायझरला तीनदा सांगून पाहिलं. सुपरवायझर शहागंजचा, बोलताना मान तिरकी करणारा. त्यानं मान तिरकी केली, मशिनीकडे पाहिलं, मोतीरामकडे पाहिलं आणि म्हणाला, "क्या मोतीरामभाई, इसमें जिन्नात बैठे क्या?"

मोतीराम हसला. खरं सांगायचं तर एकवीस वर्षं मागं जावं लागलं असतं, आणि तिथं तो आपणहून कधीच जात नसे. आवाज त्याला न्यायला यायचे.

तसं पाहिलं तर मोतीरामला लोक सुखी माणसांत धरतात. बजाजनगरात दोन खोल्यांचं घर, बायको करुणा अंगणवाडीत, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत निळी जर्सी. भारताची. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत देशाकडून खेळलेला माणूस तो एकटाच. इराणला जाऊन आला, कोरियाला जाऊन आला. नवा भाडेकरू गल्लीत आला की घरमालक आधी पाण्याची वेळ सांगतो आणि मग मोतीरामचं घर दाखवतो. पहिली पाळी संपवून पाच वाजता तो मैदानावर जातो आणि मुलींना कबड्डी शिकवतो. अकरा वर्षं झाली. मुली त्याला सर म्हणतात आणि तो गेल्यावर त्याच्या नकला करतात. खाली वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, घोगऱ्या आवाजात, "पाय बघ, डोळे नको बघू. डोळे खोटं बोलत्यात, पाय नाय बोलत."

एकच गोष्ट मात्र या सरांची कुणालाच कळत नव्हती. ते घोटा धरायला शिकवत नसत.

कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूचं खरं हत्यार म्हणजे घोट्याची पकड. चढाईवाला समोर नाचत येतो, पाय जरा लांबवतो, आणि कोपऱ्यातला झडप घालून त्याचा घोटा धरतो. मोतीराम स्वतः डाव्या कोपऱ्याचा भारताचा खेळाडू. आणि त्याच्या मुलींना मांडीची पकड यायची, कमरेची यायची, साखळी यायची, पण घोट्याला हात लावायचा नाही. का, असं एकदा मोनालीनं विचारलं होतं. मोनाली म्हणजे संघातली सगळ्यात बोलभांड पोरगी. सर नुसते मैदानाबाहेर गेले, नळाखाली हात धुतले आणि पुन्हा येऊन म्हणाले, "चला, साखळी."

घोटा धरायला शिकवायचा नाही म्हटल्यावर धरलेला घोटा सोडवायला तरी कोण शिकवणार?

*

देवगाव रंगारीला कापूस वेचून झाला की रिकाम्या शेतात ढेकळं फोडून मैदान व्हायचं. मोतीराम आणि सुदर्शन तिथं रोज भिडायचे. सुदर्शन जमीनवाल्यांच्या घरातला, मोतीराम बौद्धवाड्यातला. पाणी पिताना गावाला जात आठवायची, घोटा धरताना नाही. सुदर्शन चढाईला यायचा आणि मोतीराम कोपऱ्यात बसायचा, दोघं आठ वर्षांचे असल्यापासून. मोतीराम डोळे मिटूनही सांगू शकायचा की आता हा डावीकडं वळणार, आता पाय लांबवणार. कारण सुदर्शनचा दम सगळं सांगायचा.

तसला दम दुसऱ्या कुणाकडं नव्हता. बाकीची पोरं कबड्डी-कबड्डी-कबड्डी अशी एका पट्टीत शेळीसारखी बेंबटायची. सुदर्शनचा आजा हुतूतू खेळलेला, त्यानं नातवाला श्वास वाचवायची युक्ती दिली होती. तीनदा पुरता शब्द म्हणायचा आणि चौथ्या वेळी त्याचं पुढचं गिळून टाकायचं. नुसती ड्डी, घशातनं, दार लोटल्यासारखी. बाहेरगावचे पंच हरकत घ्यायचे. पुंडलिकअण्णा मात्र घेत नसत. अण्णा म्हणजे पंचक्रोशीतले नामांकित पंच, धोतर आणि गळ्यात शिटी. ते म्हणायचे, "म्हणतंय ना पोरगं? मला ऐकू येतंय. तुमच्या कानात कापूस असंल."

हुतूतूच्याच काळापासून देवगावचा एक नेम होता, दुसऱ्या कुठल्या गावात नसलेला. पहिला पंच म्हणजे पकडणारा. चढाईवाल्याच्या सगळ्यात जवळ तोच असतो. दम तुटला तर तो त्यालाच आधी ऐकू येतो, पंचाला मागनं. म्हणून दम तुटला की पकडणाऱ्यानं शिटीची वाट बघायची नाही. मूठ उघडायची. गडी बादच आहे, त्याला आता धरून काय करायचं? देवगावची पोरं बाहेर खेळायला गेली की लोक या नेमाला हसायचे. शिटीआधी सोडलं आणि पंचाला ऐकूच आलं नसलं तर हातचा गडी निघून जायचा. जायचा तर जाऊ दे, असं देवगावचं म्हणणं.

मोतीरामनं आठव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत सुदर्शनचा घोटा किती वेळा धरला असेल त्याला गणती नाही. जितक्या वेळा दम तुटला, तितक्या वेळा सोडला. एकदा वगळून.

*

ते अजिंठ्याला झालं. गावातल्या मैदानावर मोठी स्पर्धा होती, माघाचा महिना, उन्हं उतरलेली. मोतीराम तेव्हा नुकताच कंपनीच्या संघात लागला होता आणि सुदर्शन देवगावकडून खेळत होता. अंतिम सामन्यात दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. पुढच्या रांगेत पांढऱ्या टोप्या घालून निवडीवाले बसले होते, आणि देशाच्या शिबिरासाठी डावा कोपरा हवाय ही गोष्ट मैदानावरच्या शेंगदाणेवाल्यालासुद्धा ठाऊक होती.

आणि भोंग्यावर तो सूत्रसंचालक होता. असला माणूस प्रत्येक स्पर्धेत असतो. त्याला समोर काय चाललंय यापेक्षा आपला आवाज कुठपर्यंत जातोय याची काळजी. "लक्ष द्या, लक्ष द्या. देवगावचा वाघ चाललेला आहे. समोर कंपनीचा पहाड उभा आहे. वाघ आणि पहाड, पहाड आणि वाघ. ज्या कुणी आपली मोटारसायकल पाण्याच्या टाकीपुढं लावलेली आहे त्यांनी ती ताबडतोब हलवावी, टँकर खोळंबलेला आहे. वाघ आत शिरलेला आहे..."

वाघानं पाय लांबवला. पहाडानं घोटा धरला.

सुदर्शन आडवा झाला, दोन्ही हात मध्यरेषेकडं ताणून. रेषा वीतभर लांब. मोतीरामचा कान त्याच्या पाठीला लागलेला, आणि पाठीतून दम येत होता, लहानपणापासून येत होता तसा. कबड्डी. कबड्डी. कबड्डी.

आणि चौथी ड्डी आली नाही.

भोंगा टँकरबद्दल बोलत होता. दहा पावलांवर पंच म्हणून उभ्या पुंडलिकअण्णांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्या सगळ्या मैदानात, त्या हजार-दीड हजार माणसांत, सुदर्शनचा दम तुटलेला एकट्या मोतीरामला ऐकू आला. त्यानं मूठ उघडायची होती. बोटं सैल व्हायला लागलीही होती. पण पांढऱ्या टोप्या पुढं वाकून बघत होत्या, आणि शिटी झाली नव्हती, आणि शिटीआधी सोडलं तर सुदर्शन रेषेला हात लावणार, आणि पहाडाच्या हातनं वाघ सुटला असं तो भोंगा सगळ्या अजिंठ्याला सांगणार.

त्यानं मूठ आवळली.

एक. दोन. तीन. एवढंच. तेवढ्यात कंपनीचे चौघं धावत आले आणि सुदर्शनच्या अंगावर पडले, त्याची मान खाली अडकलेली होती त्यावर. मग शिटी झाली. मग सगळे उठले. सुदर्शन उठला नाही.

शहरातल्या दवाखान्यात तो दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी गेला.

खेळात असं होतं, असं सगळे म्हणाले. पोलीस आले, लिहून गेले, तेही तसंच म्हणाले. कुणी मोतीरामकडं बोट दाखवलं नाही. सामन्यानंतर आठ दिवसांनी त्याला शिबिराचं पत्र आलं.

*

पुढचं लोकांना ठाऊक आहे. चार वर्षं तो भारताकडून खेळला. मांडीची पकड करणारा डावा कोपरा म्हणून त्याचं नाव झालं. घोट्याला हातच लावत नाही, सरळ मांडीवर जातो, म्हणून टीव्हीवरचा समालोचक खूष. "क्या सूझबूझ है साहब, दुनिया टखना ढूँढती है, मोतीराम जाँघ ढूँढता है." तेहरानच्या मैदानात एका इराणी गड्याचा घोटा आयता हातात आला होता. मोतीरामनं हात मागं घेतला आणि गडी निघून गेला. संघाच्या सरांनी रात्रीच्या जेवणापर्यंत त्याला शिव्या दिल्या. त्याला बऱ्याचशा ऐकूच आल्या नाहीत. इराणी गडी पळताना आपल्या भाषेतल्या उच्चारात दम घेत होता, आणि त्याच्या मागं, जरा खालच्या पट्टीत, दुसरं कुणीतरी घेत होतं.

तिकडनं आल्यावर देवगावानं सत्कार केला. शाळेपुढं मांडव, सरपंच तात्यासाहेबांचं भाषण, हार. पंचारती घेऊन आली ती सरूबाई. सुदर्शनची आई. गावानंच ठरवलं होतं की दुसऱ्या मुलाला ओवाळल्यानं तिला बरं वाटेल. तिनं ओवाळलं, कपाळाला बोट टेकवलं, आणि मग ताट दुसऱ्या बाईकडं देऊन मोतीरामचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला. बाजारात भाकरीचा तवा बघावा तसा बघितला.

"लई घट्ट हाय रे बाबा तुझी मूठ," ती म्हणाली.

एवढंच. कौतुकानं म्हणाली की कशानं, हे तिच्या चेहऱ्यावरनं कळेना. मोतीराम त्यानंतर देवगावला गेला तो फक्त बापाच्या मयताला, आणि त्याही दिवशी शाळेपुढचा रस्ता टाळून.

*

गेल्या हिवाळ्यात ते मैदानावर आलं.

सायली सोळा वर्षांची. बाप जालन्याकडचा, बजाजनगरात येऊन रिक्षा चालवणारा. चढाईला अशी पोरगी अकरा वर्षांत आली नव्हती. पाय म्हणजे पाणी. एका संध्याकाळी ती चढाईला निघाली, मोतीराम कोपऱ्यात वाकून उभा होता, आणि तिच्या तोंडातून आलं: कबड्डी, कबड्डी, कबड्डी... ड्डी.

मोतीरामनं शिटी वाजवून चढाई थांबवली. हे कुणी शिकवलं, असं विचारलं. सायलीनं खांदे उडवले; कुणी नाही सर, असंच येतं. देवगाव माहिती आहे का? नाही. तिकडं कुणी नातेवाईक? नाही सर. कधी अजिंठ्याला गेली होतीस? शाळेच्या सहलीत लेणी बघायला, आणि तिथं तिला उलटी झाली होती.

त्या दिवसापासून मोतीराम मुली येण्याआधी मैदानात जाऊन कोपऱ्यात उभा राहायला लागला. दिवसाउजेडी, लख्ख उन्हात, त्याची वाट बघत. तो म्हणजे कोण, हे स्वतःशीही म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती. पण तो आता मशिनीतनं निघून माणसात आलाय, एका पोरीच्या गळ्यात उतरलाय, आणि काहीतरी मागतोय, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. काय मागतोय तेही कळलं होतं, त्या एक-दोन-तीनचा हिशेब. पंधरा दिवसांत आणखी दोघी मुली तसाच दम घ्यायला लागल्या. महिन्याभरात सगळ्या सात.

फेब्रुवारीत गारखेड्याला जिल्ह्याची निवड चाचणी झाली. सायलीनं पहिल्या दोन चढायांत चार गुण आणले. मग पलीकडच्या कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला. सायली धरलेल्या मांजरासारखी तडफडली आणि बाद झाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. निवडीवाले म्हणाले, पोरगी हिरा आहे, पण घोटा सोडवता येत नाही. पुढच्या रविवारी शेवटची चाचणी आहे, तोवर शिकवून आणा. न जमलं तर यंदाचं राज्याचं शिबिर गेलं, आणि पुढच्या वर्षी वयाची मर्यादा संपते.

गुण लिहायच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सायलीच्या पहिल्याच चढाईला त्यांचं पेन थांबलं होतं. चाचणी संपल्यावर ते काठी टेकत मोतीरामपाशी आले. पुंडलिकअण्णा. अजिंठ्यानंतर त्यांनी शिटी कधी तोंडाला लावली नव्हती. वय झालं म्हणून, असं लोक समजत.

"मोतीराम," अण्णा म्हणाले, "हा दम देवगावचा हाय."

मोतीरामनं इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात, अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला की मी शिकवलेला नाही. पोरगी जालन्याकडची आहे. अण्णा, तो आलाय.

अण्णांनी सायलीलाच हाक मारली आणि पोरी, हा दम कुठनं घेतला, असं सरळ विचारलं. मागं विचारताना सरांच्या आवाजात धमकी होती, अण्णांच्या आवाजात नुसती चौकशी होती, म्हणून सायलीला उत्तर सुचलं.

"सर म्हणतात की," ती म्हणाली.

मी? मोतीरामनं विचारलं. कधी?

मुली एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. सांग ना, सांग ना, असं झालं. शेवटी मोनाली पुढं झाली. तिनं ओढणी कमरेला बांधली, कोपऱ्यातल्या खेळाडूसारखी वाकली, डावा हात गुडघ्यावर, उजवा पुढं, जबडा जरासा डावीकडं सरकवलेला, डोळे जमिनीवर. ओठ जेमतेम हलत होते. आणि त्या हलणाऱ्या ओठांतून, पार खालच्या पट्टीत, माणूस स्वतःशी बोलतो तसं: "कबड्डी, कबड्डी, कबड्डी... ड्डी."

पोरी खिदळल्या. नक्कल अगदी हुबेहूब होती. जबडा मोतीरामचा, घोगरेपणा मोतीरामचा, आणि दम सुदर्शनचा.

सर, तुम्ही पकड दाखवताना कायम असंच म्हणता, मोनाली सरळ होत म्हणाली. तोंडातल्या तोंडात. आम्हाला वाटलं, शिकवताय.

*

करुणानंही तेच सांगितलं. ती पालक निवडत होती, मान वर न करता म्हणाली की लग्न झाल्यापासून ऐकते. जेवताना म्हणतोस, बूट बांधताना म्हणतोस, भाचीच्या लग्नात अक्षता टाकतानाही म्हणत होतास. मला वाटलं तुझी काहीतरी प्रार्थना आहे खेळातली. प्रार्थनेत कुणी आडवं येतं का?

मोतीराम जर्सीखाली बसून राहिला. एकवीस वर्षं तो ज्याला भीत होता तो कुठूनही आला नव्हता. मशिनीत नव्हता, इराणी गड्याच्या मागं नव्हता. तो त्याच्याच दातांमागं बसला होता, आणि मोतीराम रोज त्याला तोंडात घेऊन फिरत होता. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला उतारा असतो.

पण त्याला जे खात होतं ते वेगळंच. गारखेड्याला मुली गेल्यावर अण्णा त्याला चहाला घेऊन गेले होते. चहा बशीत ओतता ओतता म्हातारा म्हणाला होता, "त्या दिवशी शिटी उशिरा गेली माझी. भोंग्यात मला दम ऐकू आला नाय. माझ्या कानानं पोरगं गेलं, मोतीराम. म्हणून सोडली शिटी." आणि मोतीराम म्हणाला होता, "घ्या अण्णा, गार होतोय."

गार होतोय. तोंड उघडायची वेळ आली तेव्हा ते तोंड एवढंच बोललं.

त्यानं सोमवारी अण्णांना फोन केला. बुधवारी बजाजनगरला या म्हणाला, आणि शिटी आणा.

*

बुधवारी साडेपाचला अण्णा आले. रिक्षातून उतरले, मैदानाच्या कडेला सायलीच्या बापाशी दोन शब्द बोलले. शिटी धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली होती, जुनी, पितळी. फुंकून बघितली तर आधी नुसती हवा आली.

मोतीराम डाव्या कोपऱ्यात उतरला. सायलीला म्हणाला की आज घोटा धरणार आहे. तू दम घेत घेत सोडवायचा. पाय ओढायचा नाही, टाच फिरवायची, किल्ली फिरवतात तशी, आणि अंग रेषेकडं टाकायचं. कळलं? कळलं, सर. मुलींनी एकमेकींना कोपर मारले. सर घोटा धरणार.

सायली निघाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... ड्डी. ती डावीकडं गेली, उजवीकडं आली, पाय लांबवला. मोतीरामचा हात पुढं गेला आणि मधेच थांबला. सायली परत फिरली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तिनं पाय लांबवला तो मुद्दाम, सरांच्या अगदी तोंडापुढं, घ्या म्हटल्यासारखा.

त्यानं धरला.

एकवीस वर्षांनी त्याच्या हातात घोटा होता. हाड तेच, शीर तशीच उडणारी. सायली आडवी पडली, हात रेषेकडं. टाच फिरवत होती, चुकीच्या बाजूनं. मोतीरामचा कान तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. कबड्डी. कबड्डी. कबड्डी.

चौथी आली नाही.

त्याची मूठ उघडली. त्याला उघडावी लागली नाही, ती उघडली. सायली सुटल्याच्या झटक्यानं पुढं जाऊन पडली आणि तिनं रेषेला हात लावला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांच्या तोंडात शिटी तशीच होती. त्यांनी ती काढली आणि काठी टेकत जवळ आले.

"मी शिटी वाजवली नाय," ते म्हणाले. "पोरगी रेषेला लागली. काहून सोडलं?"

मोतीराम गुडघ्यांवर होता. उजवा हात अजून पुढंच पसरलेला.

"दम तुटला व्हता अण्णा. मला ऐकू आला."

"मला नाय आला."

"तुम्हाला कसा यील. पकडणाऱ्यालाच येतो आधी." तो थांबला. मग म्हणाला, "तव्हाबी आला व्हता."

अण्णांना पटकन कळलं नाही. आधी ते डोळे बारीक करून बघत राहिले, कमी ऐकू येणारी माणसं बघतात तसे. मग कळलं. काठी वाळूत जराशी रुतली. त्यांनी हातातली शिटी पाहिली, पालथी केली, अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा पाहिली, जणू तिच्यावर काही लिहिलं होतं आणि ते एकवीस वर्षं चुकीचं वाचलं होतं.

मोतीरामला वाटलं म्हातारा काठी मारेल. मारावी असंही वाटलं.

"सरूबाई हाय अजून," अण्णा म्हणाले. "देवगावलाच हाय."

"व्हय."

"मला सांगून भागायचं नाय."

"व्हय, अण्णा."

मुलींना यातलं काही कळलं नाही. सायली घोटा चोळत बसली होती. तिच्यापुढं रविवार होता, म्हणून ती म्हणाली, "सर, परत धरा ना. टाच उलटी फिरली माझी."

अण्णांनी शिटी तोंडात घातली. या वेळी हवा आली नाही, शिटीच आली.

मोतीरामनं त्या संध्याकाळी तिचा घोटा तेवीस वेळा धरला. पहिल्या चौदा वेळा तिला सुटता आलं नाही. पंधराव्या वेळी टाच बरोबर फिरली, घोटा ओल्या साबणासारखा निसटला आणि ती रेषेपलीकडं गेली, चौथ्या ड्डीसकट.

*

रविवारी अण्णा मुलींना घेऊन गारखेड्याला गेले. मोतीराम मध्यवर्ती बसस्थानकात देवगावच्या एसटीत बसला. करुणानं डब्यात चपात्या दिल्या होत्या आणि काही विचारलं नव्हतं. बुधवारी रात्री त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकलं, उठली, भिंतीवरची जर्सी उतरवून कपाटात ठेवली आणि झोपली. चौकटीचा चौकोन भिंतीवर तेवढा स्वच्छ राहिला.

एसटीचा कंडक्टर तिकिटं फाडता फाडता गाणं म्हटल्यासारखा बोलत होता, "दौलताबाद-खुलताबाद-येरूळ, येरूळ-खुलताबाद-दौलताबाद, बोला कुठं." मोतीराम म्हणाला, देवगाव. जाऊन येऊन? नाही, एकच. यायचं कधी हे त्याला ठाऊक नव्हतं.

घाट चढताना सायलीचा फोन आला. मागं मोनालीचा आवाज, सगळ्यांचाच आवाज. तीनदा धरला सर, दोनदा सुटला. यादी संध्याकाळी लागणार. तुम्ही कुठं आहात? तो म्हणाला, गावाकडं चाललोय, आणि फोन ठेवला.

मग तो खिडकीकडं तोंड करून बसला. सरूबाईला पहिला शब्द काय बोलायचा ते जुळवत होता. माय, म्हणून सुरुवात करायची. पुढं जुळेना. पुढं म्हणजे फक्त तीन आकडे होते, एक, दोन, तीन. माय, तेवढा वेळ मी. ती हात घेईल पुन्हा, उलटा करील, सुलटा करील. करू दे.

शेजारी दगडाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. खुलताबादला चढल्या चढल्या तिनं आपलं नाव, गाव आणि गुडघ्याचं दुखणं सांगून टाकलं होतं. आता ती बऱ्याच वेळापासून त्याच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"कुणाचं नाव घेतूस रं बाबा मघाधरनं?"

मोतीरामनं ओठांवर हात नेला. ओठ हलत होते.

"देवगाव येईस्तोवर घेऊ दे, माय," तो म्हणाला.